दुर्मीळ बर्बनची बाटली: फोडायची की जपून ठेवायची?

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने बर्बन व्हिस्कीवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं. तोवर आमच्या घरात बहुतेकांना बर्बन म्हटलं की चॉकलेटचं क्रीम भरलेलं बिस्किट, एवढीच ओळख. त्याच वर्षी दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या माझ्या मामेभावाने बॅगेतून स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. डब्ल्यू. एल. वेलर, 12 वर्षं मुरलेली. तिकडे ती सहज फळीवर मिळत नाही. दुकानदाराकडे मोजक्या बाटल्या येतात, मागणारे शेकडो असतात, म्हणून तो चिठ्ठ्या काढतो. दादाचा नंबर लागला होता.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये आम्ही आठ जण होतो. पहिला आवाज आला, "आत्ता फोडू नका रे. जेवढी जुनी होईल तेवढी चांगली." दुसरा म्हणाला, "पाच वर्षं ठेवा, दहापट भाव येईल." तिसऱ्याने विचारलं, "मग आणलीय कशाला?" त्या रात्री बूच निघालं नाही.

ही तिन्ही वाक्यं मी नंतर नीट तपासली. पहिलं साफ चूक आहे. दुसरं आपल्याकडे कायद्यात बसत नाही, आणि अमेरिकेतही त्याचा भरवसा कमी झालाय. तिसऱ्याच्या बाजूने मी आहे, पण एका अटीवर. ती अट समजायला आधी बाटलीच्या आत काय आहे ते बघावं लागेल.

बर्बन म्हणजे कोणती व्हिस्की

धान्य शिजवायचं, आंबवायचं, भट्टीत त्याची वाफ धरून दारू वेगळी करायची आणि ती लाकडी पिपात मुरवायची, ही सगळ्या व्हिस्कीची ढोबळ कृती. बर्बन ही त्यातली अमेरिकी जात, आणि तिचे नियम तिथल्या कायद्यात लिहिलेले आहेत. धान्यात किमान 51 टक्के मका हवा. मुरवायला ओकचं नवंकोरं पीप हवं, आणि ते आतून जाळून कोळसा धरलेलं हवं. पिपात भरताना दारूचं, म्हणजे अल्कोहोलचं, प्रमाण 62.5 टक्क्यांच्या वर नको, बाटलीत भरताना 40 टक्क्यांच्या खाली नको. वरून रंग किंवा स्वाद घालायला बंदी आहे. बाटलीत दिसणारा तो तांबूस रंग सगळा लाकडाचा. केंटकी राज्यातच बनली पाहिजे अशी सक्ती नाही, अमेरिकेत बनली की पुरे, पण बहुतेक बर्बन केंटकीचीच असते. 1964 मध्ये अमेरिकी संसदेने ठराव करून बर्बन हे त्या देशाचं खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं.

मक्याबरोबर साधारणपणे राय नावाचं धान्य असतं, त्याने चवीला तिखटपणा येतो. काही बर्बनमध्ये रायऐवजी गहू घालतात. मग ती मऊ आणि गोडसर लागते. आमची वेलर गव्हाची. हजारो डॉलरना विकली जाणारी पॅपी व्हॅन विंकलही गव्हाचीच, आणि दोन्ही आज एकाच ठिकाणी, केंटकीच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनतात. वेलर मिळेनाशी झाली त्यात या नात्याचा वाटा मोठा आहे. पॅपी हाती लागत नाही म्हटल्यावर लोक तिच्या चुलत बहिणीकडे वळले.

पीप म्हणजे माठ, बाटली म्हणजे काचेची बरणी

सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

उन्हाळ्यात माठ भरून ठेवला की कोणी न पिताही पाणी कमी होतं. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं, वाफ होऊन जातं. आणि माठ पाण्याला काहीतरी देतोही. नव्या माठातल्या पाण्याला मातीचा वास असतो, तो आपण आवडीने पितो. ओकचं पीप असंच वागतं. केंटकीच्या उन्हाळ्यात आतली दारू फुगते आणि लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत बाहेर येते. येताना लाकडातलं बरंच काही घेऊन येते. व्हॅनिलाचा जो वास बर्बनमध्ये येतो तो व्हॅनिलिनमुळे, आणि ते ओकच्या लाकडातून मिळतं. पीप जाळताना लाकडातल्या साखरेचं कॅरमल झालेलं असतं, ते दारूत उतरतं. आतला कोळसा ताज्या दारूतले उग्र, गंधकासारखे वास ओढून घेतो. लाकडातून हवा आत झिरपत राहते, तिनेही चव हळूहळू गोलसर होते. मुरणं ते हेच.

या काळात दारू उडूनही जाते. तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. केंटकीत तो वर्षाला साधारण 3 ते 5 टक्के असतो. एका पिपात 200 लिटर मावतं. वर्षाला 4 टक्के घट धरली तर 20 वर्षांनी 88 लिटरच्या आसपास उरतं. 266 बाटल्यांच्या जागी 117. जुनी बर्बन महाग का, याचं अर्धं उत्तर या साध्या गुणाकारात आहे. आपल्याकडच्या उष्णतेत तर हा वाटा आणखी मोठा. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत वर्षाला 10 टक्क्यांच्या वर जातं, म्हणून तिथली व्हिस्की चार-पाच वर्षांतच तयार मानली जाते.

आता बाटलीकडे या. काच काही देत नाही, काही घेत नाही. लाकूड सुटलं, लाकडाबरोबर मुरणंही सुटलं. 12 वर्षं पिपात राहिलेली बर्बन बाटलीत भरून तुम्ही आणखी 10 वर्षं कपाटात ठेवलीत तरी ती 22 वर्षांची होत नाही. ती 12 वर्षांचीच राहते. लेबलवरचा आकडा पिपातल्या वर्षांचा असतो, कपाटातल्या वर्षांची त्यात बेरीज होत नाही.

"पण आपण तर जुनी वाइन चांगली म्हणतो"

नाशिककराला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. 1999 मध्ये सुला ही वाइनरी सुरू झाली. आज गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरी तालुक्यात द्राक्षमळे बघायला पाहुणे येतात, आणि घरातलं कोणी ना कोणी त्यांना वाइनबद्दल चार गोष्टी सांगतं. त्यातली एक ठरलेली: वाइन जितकी जुनी तितकी मुरते.

वाइनमध्ये दारूचं प्रमाण 12 ते 14 टक्के. द्राक्षाची आंबटाई, सालीतला तुरटपणा, रंगद्रव्यं हे सगळं बाटलीतही एकमेकांशी हळूहळू जुळत राहतं. लोणचं बरणीत घातल्यावरही मुरत राहतं, तसंच. म्हणून काही तांबड्या वाइन वर्षानुवर्षं ठेवून चांगल्या लागतात. काहीच, बरं का. आपल्याकडची शेनँ ब्लाँसारखी पांढरी वाइन ताजी असतानाच प्यायची असते. घरी आलेली प्रत्येक वाइन वर्षानुवर्षं कपाटात ठेवणाऱ्यांनी इतकं तरी लक्षात घ्यावं.

व्हिस्कीत यातलं काही नाही. ती भट्टीतून निघालेली आहे आणि 40 टक्क्यांच्या वर दारू असल्याने तिच्यात काही आंबत नाही, काही वाढत नाही. ठेवण्याची पद्धतही दोघींची उलटी. वाइन आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. व्हिस्की उभीच ठेवायची, कारण इतकी कडक दारू सतत लागून राहिली तर बुचाचा भुगा करते.

मग ती मिळत का नाही

डाळिंबाला आज भाव आहे म्हणून आजच झाड लावून आजच फळ तोडता येत नाही. बर्बनचं तसंच, फक्त मुदत फार लांबची. आज दुकानात येणारी 12 वर्षांची बाटली 12 वर्षांपूर्वी कोणीतरी भरून ठेवलेल्या पिपातून येते. 23 वर्षांची पॅपी 23 वर्षांपूर्वीच्या. तेव्हा भरणाऱ्याला आजची मागणी दिसत नव्हती.

उलट, त्याआधीचा काळ पडतीचा होता. 1970 नंतर अमेरिकेत बर्बन म्हाताऱ्यांची दारू मानली जाऊ लागली आणि तरुण व्होडकाकडे गेले. डिस्टिलऱ्या बंद पडल्या. केंटकीतल्या लुईव्हिल शहराजवळची स्टिट्झेल-वेलर, जिथे मूळ वेलर आणि व्हॅन विंकलची बर्बन बनायची, ती 1935 मध्ये सुरू झाली होती आणि 1992 मध्ये तिची भट्टी थांबली. गोदामांत पिपं पडून राहिली, खप नसल्याने आणखी जुनी होत गेली, आणि 2000 नंतर त्याच जुन्या मालाने लोकांना वेड लावलं.

अमेरिकेत विक्रीची साखळीही तीन टप्प्यांची आहे: बनवणारा, वितरक, दुकानदार. 1920 ते 1933 ची दारूबंदी उठल्यावर ही रचना आली. बनवणारा साधारणपणे थेट गिऱ्हाइकाला गाठू शकत नाही आणि दुकानदाराच्या वाट्याला वर्षाला मोजक्या बाटल्या येतात. छापील किमतीला 300 डॉलरच्या आसपासची बाटली बाहेर हजारो डॉलरना जाते ती या अरुंद वाटेमुळे. म्हणजे जास्तीची किंमत मिळण्याच्या अवघडपणाची असते, चवीची नसते. वेलर 12 ही चांगली बर्बन आहे. पण तिच्या तोडीच्या, सहज मिळणाऱ्या बर्बनही आहेत, आणि ज्याने दोन्ही डोळे मिटून चाखल्यात तो हे मान्य करेल.

"पाच वर्षं ठेवा, भाव येईल"

हे वाक्य आपल्या जिल्ह्यात वेगळ्या मालाबद्दल रोज ऐकू येतं. उन्हाळी कांदा निघाला की निफाड, चांदवड, येवल्याकडे तो चाळीत भरतात आणि लासलगावच्या भावाकडे डोळे लावून बसतात. थांबण्याचा खर्च शेतकऱ्याला तोंडपाठ असतो: वजनात घट, सड, कोंब, आणि शेवटी भाव येईलच याची खात्री नाही. बाटलीच्या बाबतीत आपण हा हिशेब मांडतच नाही. सीलबंद आहे, सडत नाही, म्हणजे थांबायला काही लागत नाही असं वाटतं.

लागतं. सगळ्यात आधी कायदा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे. तुम्ही पाच काय, पंचवीस वर्षं बाटली जपलीत, तरी ती ओळखीच्या माणसाला पैसे घेऊन देणं हा बेकायदा व्यवहार होतो. परदेशातून येताना 2 लिटरपर्यंत दारू शुल्क न भरता आणता येते ती स्वतःसाठी. दुकान मांडण्यासाठी ती सवलत नाही. खुद्द केंटकीतही जुन्या दुर्मीळ बाटल्या सामान्य माणसाकडून विकत घेऊन विकायची मुभा परवानाधारकांना मिळाली ती 2017 मध्ये झालेल्या कायद्याने.

दुसरं, नकली माल. 2018 मध्ये स्कॉटलंडमध्ये दुर्मीळ म्हणून फिरणाऱ्या 55 स्कॉच बाटल्यांची रेडिओकार्बन पद्धतीने वयाची तपासणी झाली. त्यातल्या 21 बाटल्या एकतर बनावट होत्या, नाहीतर लेबलवर लिहिलेल्या वर्षाच्या नव्हत्या. बर्बनमध्येही नामांकित रिकाम्या बाटल्या विकल्या जातात आणि त्यात साधी दारू भरून सील केली जाते. म्हणून उद्या घेणारा मिळालाच, तरी ही खरी आहे हे तुम्ही कशावर पटवणार? आणि हेही सांगतो: अशी बाटली संपली की भंगारवाल्याला अख्खी देऊ नका. लेबल भिजवून फाडा, मगच द्या.

तिसरं, भाव. केंटकीची लोकसंख्या 45 लाखांच्या घरात आहे आणि तिथे मुरत पडलेली पिपं एक कोटीच्या कितीतरी पुढे गेली आहेत. तेजीच्या वर्षांत सगळ्यांनी भरून ठेवलं, आणि आता खप तितका वाढत नाही. डिसेंबर 2025 मध्ये जिम बीम या बर्बन कंपनीने जाहीर केलं की क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीतली भट्टी 2026 मध्ये थांबवणार. कांद्याची आवक वाढल्यावर काय होतं हे लासलगावात लहान मुलालाही सांगावं लागत नाही. आजची दुर्मीळ बाटली उद्याही तितकीच दुर्मीळ राहील, हे गृहीत धरू नये.

मामांची बाटली

या विषयावर मी इतकं वाचत बसलो त्याला दुसरंही एक कारण आहे.

2009 मध्ये दादाने मामांसाठी ब्लँटन्सची बाटली आणली होती. गोल, पैलू पाडलेली बाटली आणि बुचावर धातूचा घोडा, त्यावर वाकलेला स्वार. या बुचांचे आठ प्रकार असतात, प्रत्येकावर एक अक्षर, आठ जमवली की ब्रँडचं नाव पूर्ण होतं. 1984 मध्ये बाजारात आलेली ही बर्बन एकेका पिपातून वेगळी भरतात, दुसऱ्या पिपात मिसळत नाहीत. त्यामुळे लेबलवर पीप कधी रिकामं केलं ती तारीख आणि पिपाचा नंबर हाताने लिहिलेला असतो. मामांना दारूपेक्षा त्या घोड्याचं कौतुक. त्यांनी ती हॉलच्या शोकेसमध्ये वरच्या काचेवर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

फोडायची ठरली होती निवृत्तीला. सातपूरच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, ताईच्या लग्नात बघू. लग्नात घर पाहुण्यांनी भरलेलं, एवढ्या जणांना पुरणार कशी म्हणून राहिली. मग नातवाच्या बारशाला. मग दादा कायमचा परत येईल तेव्हा. 2019 मध्ये मामा गेले.

2024 च्या दिवाळीची साफसफाई करताना मामींनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. "त्यांची होती, तूच बघ काय करायचं ते," म्हणाल्या. मी उजेडात धरली. हॉलला पश्चिमेची खिडकी आहे. लेबलची त्या बाजूची अर्धी शाई उडून पिवळट झाली होती, हाताने लिहिलेली तारीख वाचता येईना. मूळची मानेपर्यंत भरलेली बाटली खांद्यापर्यंत उतरली होती. बूच फिरवलं तर घोडा हातात आला आणि बुचाचा खालचा अर्धा भाग मानेतच राहिला. तो आत ढकलला, चहाच्या गाळणीवर मलमलचा तुकडा ठेवून गाळली. रंग फिका, वास अगदी वरवरचा, आणि चव अशी की कडकपणा तेवढा शिल्लक आणि बाकी सगळं विरलेलं. दादाने फोनवरून विचारलं, कशी आहे. मी म्हणालो, छान आहे.

बाटलीत काही खोट नव्हती. पंधरा उन्हाळे तिने शोकेसच्या काचेमागे काढले होते.

ठेवायचीच असेल तर

सीलबंद बाटली अंधारात, बेताच्या थंडाव्यात, उभी ठेवली तर दशकं टिकते. हे मी आवर्जून सांगतो, कारण घाई करा असं माझं म्हणणं नाही. थांबण्यात तोटा नाही, फक्त चवीचा फायदाही नाही.

शत्रू मुख्यतः दोन, ऊन आणि उष्णता. उन्हातले अतिनील किरण रंग आणि स्वाद दोन्ही मोडतात. म्हणून शोकेस नको, खिडकीजवळचं शेल्फ नको, दिवा लावलेलं काचेचं कपाट तर नकोच. नाशिकची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो आणि वरच्या मजल्यावरचा माळा स्लॅबखाली भाजतो. गरम झालं की आतली वाफ फुगते आणि बुचाला ढकलते, गार झालं की आत ओढते. असं वर्षानुवर्षं झालं की बुचाची पकड सुटते आणि दारू उडू लागते. खालच्या मजल्यावरच्या, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा तळ ही जागा उत्तम. फ्रिजची गरज नाही. दोन-चार महिन्यांतून एकदा बाटली क्षणभर उलटी करून बूच ओलं करावं, एवढंच.

उघडली की किती दिवस

ही भीती बऱ्याच जणांना असते: एकदा उघडली की संपवावी लागेल, म्हणून उघडायचीच नको. वाइनसाठी ती खरी आहे, उघडलेली वाइन काही दिवसांत उतरते. व्हिस्की तशी नाही.

कॉफी पावडरचा डबा आठवा. भरलेला असतो तोवर वास शाबूत असतो, आणि तळाशी दोन चमचे राहिले की डब्यात कॉफी कमी आणि हवा जास्त, मग वास पटकन जातो. बाटलीचंही असंच. पाऊण भरलेली असेल तर वर्षभर सहज चांगली राहते. अर्ध्याच्या खाली गेली की हवेचं प्रमाण वाढतं आणि काही महिन्यांत फरक कळायला लागतो. उपाय सोपा आहे: उरलेली बर्बन घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्यांमध्ये गळ्यापर्यंत भरायची. प्लास्टिकची बाटली मात्र वापरू नये.

उलट, काही कडक बर्बन उघडल्यावर आठवडाभराने जास्त मोकळ्या होतात असं पिणारे सांगतात. माझा अनुभवही तसाच आहे.

"एकच बाटली आहे, संपली की संपली"

या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला मी हिशेबाने उत्तर देतो. 750 मिलीची बाटली म्हणजे 30 मिलीचे 25 छोटे पेग. एका बैठकीत संपवायची गोष्टच नाही. वर्षातून तीन प्रसंग धरले, प्रत्येकी चार जण, तर दोन वर्षं पुरते. इतक्या कमी प्रमाणात घेतली की तिच्याकडे लक्षही नीट जातं. ट्युलिपसारख्या तोंडाला निमुळत्या ग्लासात ओतावी, पाच मिनिटं ठेवावी, मग वास घ्यावा. थेंबभर पाणी घातलं तर अपमान होत नाही. पाण्याने काही सुगंधी रेणू पृष्ठभागाकडे येतात हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर तपासून दाखवलं. बर्फ आणि सोडा मात्र हिच्यात नको, थंडीने वास दबतो आणि मग दुर्मीळ काय आणि साधी काय.

एक अपवाद मी मनापासून मानतो. बंद पडलेल्या डिस्टिलरीची, म्हणजे 1992 च्या आधीच्या स्टिट्झेल-वेलरसारखी बाटली हाती आली, तर ती चवीपलीकडचा दस्तऐवज आहे. तशी पुन्हा बनणार नाही. ती जपणाऱ्याशी माझा वाद नाही, फक्त जपताना उन्हात ठेवू नका. पण आपल्या घरांत येणाऱ्या बहुतेक बाटल्या दरवर्षी नव्याने बनणाऱ्या आहेत. वेलर 12 पुढच्या वर्षीही बनेल. मिळेल की नाही हा नशिबाचा भाग.

ज्यांच्या घरी कोणीच पीत नाही आणि भेट म्हणून बाटली आली आहे, त्यांनी ती दाखवायला ठेवू नये. जो जाणून पितो अशा माणसाला भेट द्यावी. आणि जो सोडायचा प्रयत्न करतोय त्याच्या हाती दुर्मीळ म्हणूनही देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. हा लेख कोणाला प्यायला लावण्यासाठी नाही. जे पितात त्यांनी कमी आणि नीट प्यावी, इतकंच माझं म्हणणं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. घरी पितानाही लागतो.

ती अट

तिसऱ्या वाक्याच्या बाजूने आहे म्हणालो ते एका अटीवर: दिवस आणि माणसं आधी ठरवा. 'खास प्रसंगी' असं मोघम ठेवलं की मामांसारखं होतं. लग्न आलं की बाटली लहान वाटते, साधा रविवार आला की प्रसंग लहान वाटतो. आम्ही बाटलीच्या तळाला कागदाची पट्टी चिकटवली आणि तारीख लिहिली: 27 डिसेंबर, शनिवार. दादा परत जाण्याच्या आधीचा शेवटचा शनिवार.

त्या रात्री मामींच्या गच्चीवर नाशिकची खरी थंडी होती. सतरंजी, शेकोटी, भाजलेले शेंगदाणे. पिणारे सात जण. दादाने बूच हळूच फिरवलं, ते अख्खं आलं. ज्याने दिवाळीत 'जुनी होऊ द्या' म्हटलं होतं, त्याच्याच हातात पहिला ग्लास दिला. तो बराच वेळ नुसता वास घेत बसला. व्हॅनिला, मग भाजलेल्या मक्याचा गोडवा, मग जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी. कडक असूनही घशाला टोचली नाही, आणि घोट संपल्यावर चव बराच वेळ रेंगाळली.

मामी पीत नाहीत. त्यांनी दादाचा ग्लास नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. "गुऱ्हाळाचा वास येतोय रे," म्हणाल्या. "काहील उतरवताना येतो तसा. ह्यांना फार आवडायचा."

सात जणांचे 210 मिली गेले. उरलेली 540 मी त्याच रात्री स्वयंपाकघरात फनेल लावून तीन छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरली. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पुढची तारीख लिहिली. पहिली मामांच्या वाढदिवसाची आहे, 14 एप्रिल. तिन्ही बाटल्या मामांच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, त्यांच्या घडी घातलेल्या शालीमागे उभ्या आहेत.